शूटिंगच्या आधी सिनेमा बघून घ्या: विद्यार्थी लघुपटासाठी अ‍ॅनिमॅटिक कसं बनवायचं

डिसेंबरात विदर्भात दिवस साडेपाचच्या सुमारास मावळतो. सकाळी दव वाळेपर्यंत बरेच जण कपाशीला हात लावत नाहीत, आणि एकदा वेचणी लागली की काल पांढरंशुभ्र दिसणारं वावर बघता बघता मोकळं होतं. ज्या बाया तुमच्या सिनेमात उभ्या राहणार आहेत त्यांची मजुरी किलोवर ठरलेली असते. त्यांना अर्धा तास थांबवलं तर तेवढा कापूस त्यांच्या ओटीत पडायचा राहिला. अशा ठिकाणी कॅमेरा हातात धरून "आता इथून घेऊन बघू, मग तिथून घेऊन बघू" असं करायला वेळ कुणाकडेच नसतो. ही शोधाशोध घरी, कागदावर आणि फोनवर आधीच उरकता येते, आणि त्यासाठी अ‍ॅनिमॅटिक करायचं.

अ‍ॅनिमॅटिक म्हणजे शॉटची साधी चित्रं ओळीने लावायची, प्रत्येक चित्र पडद्यावर जितके सेकंद राहायला हवं तितकेच सेकंद ठेवायचं आणि त्याखाली कच्चा आवाज टाकायचा. स्टोरीबोर्डात, म्हणजे कागदावर ओळीने काढलेल्या शॉटच्या चित्रांत, चौकट कळते, पण वेळ कळत नाही. सहा मिनिटांचा म्हणून लिहिलेला लघुपट खरा साडेनऊ मिनिटांचा आहे, हे स्टोरीबोर्ड सांगत नाही. अ‍ॅनिमॅटिक पहिल्याच फेरीत सांगतं. १९३०च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत भिंतीवर चित्रं टाचून गोष्ट रचायची पद्धत रुळली, आणि तीच चित्रं आवाजासोबत पडद्यावर लावून बघणंही तिथे सुरू झालं. आपल्याकडे सत्यजित राय लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्यांत पटकथा लिहीत, आणि त्या वह्यांत शब्दांच्या शेजारी चौकटींची चित्रं आहेत. तशी वही आजही मिळते. तीच घ्या.

आधी एक गोष्ट हातात घेऊ

पुढचं सगळं एका उदाहरणावर समजून घेऊ. गोष्टीचं नाव 'ढेकूळ'. आठवीतली मुलगी रविवारी आईसोबत कापूस वेचायला जाते. तिला सहलीसाठी पैसे हवे आहेत. दुपारी कुणाचं लक्ष नसताना ती गाठोड्यात काळ्या मातीचं एक ढेकूळ सरकवते. संध्याकाळी वजनाच्या काट्यावर आईच्या हाताला ते लागतं. आई मालकासमोर काय करते, एवढाच सिनेमा.

ही गोष्ट मुद्दाम घेतली. हिच्यात संवाद जेमतेम आहेत आणि सगळी मदार कोणी कुठे, किती वेळ बघतं यावर आहे. अशा गोष्टी कागदावर नेहमी नीट वाटतात आणि शूटिंगच्या दिवशी फसतात.

पटकथा लिहून झाली की मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि ती मोठ्याने वाचा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब ठरावीक साच्यात टाइप केलेल्या इंग्रजी पटकथांचा आहे. आपल्या वहीतल्या हाताने लिहिलेल्या पानाला तो लागू होत नाही. संवाद वऱ्हाडीत असतील तर घरात वऱ्हाडी बोलणाऱ्यानेच ते वाचावेत. "काहून थांबली व?" हे पुस्तकी मराठीत बदललं की लांबी बदलते, आणि धारही जाते. जिथे संवाद नाही, तिथे कृती खरीच करून बघा. गाठोडं उचलून खांद्यावर घ्यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा आणि समासात लिहा.

शॉट मोडा, आणि नंबर दहा-दहाने द्या

आता पटकथेचे शॉट पाडायचे. पहिल्या शॉटला १०, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला ३० असे नंबर द्या. नंतर मध्ये एखादा शॉट घालावासा वाटला तर त्याला २५ देता येतो आणि पुढचे सगळे नंबर खोडावे लागत नाहीत. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. चित्रं, आवाज, शूटिंगची यादी, सगळीकडे हाच नंबर चालणार आहे.

प्रत्येक शॉटपुढे तीनच गोष्टी लिहा: काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि हा शॉट काढून टाकला तर प्रेक्षकाला काय कळणार नाही. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही तर तो शॉट चित्र काढायच्या आधीच गाळा. विद्यार्थ्यांच्या लघुपटांत हमखास सापडणारे असे शॉट म्हणजे उगवता सूर्य, पायवाटेवरून लांबून चालत येणारी माणसं, आणि ड्रोन मिळालाच तर वरून दिसणारं गाव.

जागेवर जाऊन या, त्याच वेळेला

चित्र काढायच्या आधी वावरात जा. काट्याचा प्रसंग संध्याकाळी पाचचा असेल तर पाच वाजताच जा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून सूर्य कुठे उतरतो ते बघा. फोन आडवा धरून ज्या ज्या जागेवरून शॉट घ्यायचा विचार आहे तिथून एकेक फोटो घ्या. वहीत वावराचा वरून नकाशा काढा: काटा कुठे, बायांची रांग कुठे, बैलगाडी कुठे, विजेचे खांब कुठे, हायवेचा आवाज कुठल्या बाजूने येतो.

या नकाशावर आई आणि मालक यांना जोडणारी एक रेघ मारा. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली की एका शॉटमध्ये डावीकडे बघणारी आई पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे बघते आणि ती मालकाशी बोलते आहे की दुसऱ्याच कुणाशी, ते कळेनासं होतं. कोणती बाजू घ्यायची हे उन्हावर ठरवा. संध्याकाळी चेहऱ्यावर ऊन पडेल ती बाजू घेतली तर बोलणं दिसेल. ऊन पाठीमागून आलं तर माणसं काळी दिसतील आणि कापसाची कड चमकेल. 'ढेकूळ'मध्ये मी पहिली बाजू घेईन, कारण आईचा चेहरा वाचता आला नाही तर गोष्टच उरत नाही.

हे फोटोही वाया जात नाहीत. चित्र काढायचा फारच कंटाळा असेल तर याच फोटोंत मित्रमैत्रिणींना उभं करून फोटोंचं अ‍ॅनिमॅटिक करता येतं. तरी माझा कौल हाताने काढलेल्या चित्रांना आहे. फोटोत जागा जे देते तेच आपण मुकाट्याने घेतो. रिकाम्या चौकटीत मात्र प्रत्येक वस्तू मुद्दाम ठेवावी लागते.

चित्रं: काड्यांची माणसं चालतात, क्षितिजाची रेघ चुकलेली चालत नाही

ए-४ कागदावर ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच चौकटी आखा. हे १६ बाय ९चं प्रमाण झालं, म्हणजे फोन आडवा धरून घेतलेल्या व्हिडिओचं. एका उभ्या कागदावर दोन रांगांत सहा चौकटी आरामात बसतात आणि प्रत्येकीखाली दोन ओळी लिहायला जागा उरते. एक पान नीट आखून घ्या आणि त्याच्या झेरॉक्स काढा.

चित्रकला येत नाही म्हणून मागे राहणारी मुलं मी पुष्कळ बघतो. त्यांना एवढंच सांगणं आहे की इथे चित्र सुंदर असायची गरजच नाही. चौकटीत चार गोष्टी खऱ्या असल्या की झालं.

पहिली, क्षितिजाची रेघ. ती चौकटीत कुठे आहे आणि माणसाला कुठे छेदते यावरून कॅमेऱ्याची उंची ठरते. रेघ उभ्या माणसाच्या डोळ्यांतून गेली तर कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. कमरेतून गेली तर कॅमेरा कमरेएवढा खाली. मुलगी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, वाकलेली असताना कॅमेराही तिच्या उंचीला उतरवायचा की आईच्या उंचीवरून खाली बघायचं, हा निर्णय या एका रेघेत होतो.

दुसरी, माणूस चौकटीत किती मोठा आहे. जवळचा शॉट असेल तर डोकं खरोखर चौकट भरून काढा. नवखी मुलं 'क्लोजअप' असं लिहितात आणि चित्रात अख्खा माणूस काढतात. चौकट माणसाला कुठे कापते तेही बघा. ती कमरेच्या थोडी वर किंवा मांडीच्या मध्यावर बरी दिसते. नेमकी गुडघ्यावर किंवा घोट्यावर कापली की अवघडल्यासारखी वाटते.

तिसरी, नजर. वर्तुळाच्या डोक्यावर नाकाची एक रेघ द्या, माणूस कुठे बघतोय ते कळतं.

चौथी, काळं-पांढरं. कागदाचा पांढरा, काळा स्केचपेन आणि दोघांमधला एक करडा, एवढ्या तीन छटा पुरतात. कापसाचं वावर पांढरं असतं, म्हणून त्यासमोर फिक्या साडीतली बाई हरवते हे चित्रातच दिसून येतं. मग साडीचा रंग शूटिंगच्या आठवडाभर आधी ठरवता येतो.

माणसाच्या हालचालीचा बाण चौकटीच्या आत काढा, कॅमेऱ्याच्या हालचालीचा बाहेर. स्थिर शॉटला एक चित्र पुरतं. शॉटमध्ये काही बदलत असेल, जसं की हात आधी मोकळा आणि मग ढेकळावर थांबलेला, तर दोन किंवा तीन चित्रं काढा. सगळं पेन्सिलने काढून झालं की स्केचपेनने गिरवा, कारण पेन्सिल फोनच्या फोटोत पुसट येते.

फोटो ओसरीवर सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन कागदाला समांतर धरून घ्या. प्रत्येक चौकट वेगळी कापून फाइलला ०१०, ०२०, ०३० अशी नावं द्या. पुढचा शून्य गाळू नका. तो असला की फाइली क्रमाने लागतात.

कच्चा आवाज: घरात कापूस भरलेला असेल तर नशीबवान आहात

अ‍ॅनिमॅटिकचं निम्मं काम आवाज करतो, आणि इथेच सगळे टाळाटाळ करतात.

संवाद फोनवरच रेकॉर्ड करा. खोली रिकामी असेल तर आवाज घुमतो. भाव वाढायची वाट बघत कापूस घरात साठवलेला असेल तर ती खोली आवाजासाठी उत्तम, कारण कापूस घुमणारा आवाज शोषून घेतो. लांब बाह्यांचा शर्ट घाला, कारण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, आणि काडीपेटी किंवा उदबत्ती खोलीच्या जवळपासही आणू नका. कापूस नसेल तर रजई अंगावरून घ्या. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. विदर्भाच्या पूर्वेकडे, वडसा-ब्रह्मपुरी भागात, झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर आवाजासाठी जरूर विचारा. त्यांना मात्र आधीच सांगा की हे मंडपातल्या शेवटच्या रांगेसाठी नाही, हातभर अंतरावरच्या माणसासाठी आहे. नाहीतर प्रत्येक वाक्य मोठं होतं आणि सेकंदांचा हिशेब बिघडतो.

मग वावराचा आवाज घ्या: वारा, वाळलेल्या पानांची सळसळ, लांबचा ट्रॅक्टर, बायांचं अस्पष्ट बोलणं. एका जागी फोन ठेवून एक मिनिट कुणीही न बोलता रेकॉर्ड करा. हा आवाज सगळ्या चित्रांखाली सलग पसरला की तुटक चित्रं एका जागेची वाटायला लागतात.

गाणं किंवा तयार संगीत या टप्प्यावर टाकू नका. संगीत खाली वाजत असलं की चुकीच्या जागी कापलेला शॉटही बरा वाटतो, आणि आपल्याला तर चुका दिसायला हव्या आहेत.

सेकंद ठरवणं

व्हिडिओ जोडायचं साधन जे हाताशी असेल ते घ्या. फोनवर काइनमास्टर, इनशॉट किंवा व्हीएन चालतं. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह मोफत मिळतं. कॉम्प्युटर तगडा असेल तर दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे. स्टोरीबोर्डर नावाचं मोफत सॉफ्टवेअर खास याच कामासाठी आहे, त्यात प्रत्येक चौकटीला सेकंद देता येतात.

प्रोजेक्ट १९२० बाय १०८० पिक्सेलचा आणि सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे २५ चित्रांचा, ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं की ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या उजेडात चित्र लुकलुकण्याची भीती बरीच कमी होते. फोन ३० फ्रेमच देत असेल तर सगळीकडे ३० ठेवा आणि शटर १/१०० करा. मधेच बदलू नका.

आधी आवाज मांडा, मग त्यावर चित्रं. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राला आपल्या मनाने सारखेच सेकंद देतं; ते तसेच राहिले तर अ‍ॅनिमॅटिक केलं न केलं सारखंच. कोपऱ्यात शॉटचा नंबर लिहा. कॅमेरा खरोखर हलणार असेल तिथेच चित्र हलवा; नुसतं छान दिसतं म्हणून झूम करू नका. एक चित्र विरत दुसरं येण्याचा प्रकारही नको, सरळ कापा.

आता काट्याचा प्रसंग जवळून बघू. पहिल्या मांडणीत तो असा आहे:

३१० – लांबून काटा, रांग, उतरतं ऊन: ६ सेकंद
३२० – मालक गाठोडं आकड्याला लावतो: ४
३३० – काट्याची सुई स्थिरावते: ३
३४० – मुलीचा घाबरलेला चेहरा: २
३५० – आईचा हात गाठोड्याखाली, बोटं थांबतात: ३
३६० – आईचा चेहरा: ५
३७० – आई गाठोडं उतरवून घेते: ४

एकूण २७ सेकंद. कागदावर यात काही खोट नाही. चालवून बघितलं की दोन गोष्टी खटकतात. मुलीचा चेहरा आईच्या हाताच्या आधी आल्यामुळे ती पकडली जाणार हे प्रेक्षकाला आधीच कळतं, आणि आईच्या बोटांचा शॉट नुसती माहिती देऊन जातो. शिवाय तीन सेकंदांत प्रेक्षकाने हात बघायचा, काहीतरी टणक लागलं हे समजून घ्यायचं आणि दुपारचं ढेकूळ आठवायचं, एवढं होत नाही.

म्हणून ३४० उचलून ३६०च्या नंतर टाका. ३५० सहा सेकंदांचा करा आणि त्याच्याखाली मालकाचा आवाज येऊ द्या: "साडेअकरा!" सगळ्यांचं लक्ष वजनाकडे आहे आणि आईची बोटं एका जागी थांबली आहेत. मग आईचा चेहरा ५ सेकंद, मग मुलीचा ३ सेकंद. ३१० सहावरून चारवर आणा, जागा तेवढ्यात कळते. एकूण २९. दोनच सेकंद वाढले, पण आता प्रेक्षक आईच्या आधी नाही तर आईबरोबर तिथे पोचतो.

आवाज मांडताना आणखी एक गोष्ट सापडते. कापसाचं गाठोडं जमिनीवर टेकलं तर आवाज होत नाही. यात मात्र ढेकूळ आहे. ३७०मध्ये आई गाठोडं खाली ठेवते तेव्हा एक बारीक 'थप' येऊ द्या. मालकाने तो ऐकला की नाही, हा प्रश्न उरतो, आणि पुढचा सगळा प्रसंग त्या प्रश्नावर उभा राहतो. हे आवाजासोबत चित्रं बघतानाच सुचतं. पटकथा लिहिताना क्वचित सुचतं.

दाखवा, आणि गप्प बसा

तयार झालं की आधी आवाज बंद करून बघा, मग नुसतं ऐका. नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळत नसेल तर शॉट कमी पडतात किंवा चुकीच्या क्रमाने लागलेत.

मग गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. आधी काही सांगू नका, मधे काही समजावू नका. संपल्यावर एवढंच विचारा, "काय झालं यात?" त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि तुमची गोष्ट जिथे वेगळी होते, तो शॉट नंबर लिहून घ्या.

एक प्रेक्षक मात्र चुकवू नका: प्रत्यक्ष वेचणीला जाणारी बाई. ती चित्रांकडे नाही, कामाकडे बघते. फडक्याचं वजन वजा केलं का, गाठोडं असं बांधतात का, मालक एवढ्या जवळ उभा राहतो का, हे तिला लगेच दिसतं. तिने सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती करा. याच वेळी तिला सिनेमाही कळतो, आणि आपल्याकडून काय हवंय, किती वेळ हवाय, हे तोंडी समजावण्यापेक्षा नीट उमगतं. वावराच्या मालकाची आणि मुलीच्या आईवडिलांची परवानगी घ्यायला जातानाही फोनवर हेच दाखवा.

बदल केले की जुनी फाइल पुसू नका, नव्या नंबराने ठेवा. स्पर्धेला पाठवायचं असेल तर वेळेची मर्यादा श्रेयनामावलीसह आहे का ते नियमांत बघा आणि ती पाटीही अ‍ॅनिमॅटिकमध्ये खऱ्या सेकंदांची टाका.

वावरात जाताना

समजा अ‍ॅनिमॅटिक सहा मिनिटांचं आणि ४८ शॉटचं झालं. एका शॉटला मांडणी आणि दोन-तीन टेक धरून १५ मिनिटं लागली तर १२ तास होतात. हिवाळ्यात कामाचा उजेड जेमतेम नऊ तास मिळतो. म्हणजे दोन दिवस लागणार, आणि ते आजच कळलं. एकच दिवस मिळत असेल तर शॉट आत्ता कमी करा, वावरात नाही.

शॉटची यादी आता गोष्टीच्या क्रमाने नाही, उजेड आणि कापसाच्या क्रमाने लावा. ज्या चौकटींत न वेचलेली पऱ्हाटी दिसते त्यांच्यावर लाल खूण करा. त्या सगळ्यात आधी, दव वाळायच्या आत, वेचणी लागायच्या आधी घ्या. मालक कबूल असेल तर धुऱ्याजवळच्या दोन ओळी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायला सांगा. काट्याचे सातही शॉट संध्याकाळच्या तेवढ्याच उजेडात बसवायचे आहेत. म्हणून आईचे दोन आधी, कारण तेच चुकून चालणार नाहीत.

प्रत्येक शॉट ठरलेल्या सेकंदांपेक्षा आधी आणि नंतर चार-चार सेकंद जास्त चालू ठेवा. अ‍ॅनिमॅटिक एका फोनवर कायम तयार असू द्या, आणि चौकटींची पानं कागदावरही न्या, कारण फोनची बॅटरी दुपारनंतर दगा देते. घेतलेला नंबर तिथल्या तिथे खोडा.

संध्याकाळी घरी आलं की अ‍ॅनिमॅटिकचाच प्रोजेक्ट उघडा आणि एकेका चित्राच्या जागी खरा शॉट ठेवत जा. रात्रीपर्यंत सिनेमा अर्धा चित्रांचा, अर्धा खरा दिसतो. जिथे अजून स्केचपेनची रेघ आहे तो शॉट उद्या घ्यायचा. जिथे खरा शॉट चित्राएवढंही सांगत नाही, तोही उद्या पुन्हा घ्यायचा. आणि आईचं काम करणारी बाई बोटं थांबवून सहा सेकंदांच्या जागी नऊ सेकंद उभी राहिली आणि ते बघवत असेल, तर नऊ ठेवा. ते तीन सेकंद ३१०मधून आणि दुपारच्या प्रसंगातून काढा.